एका प्रदक्षिणेत आठ एअरलाइन्स: तिकीट, बॅगा आणि मधले सांधे

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघं, पन्नाशी ओलांडलेले, चार महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करायची आहे आणि इकॉनॉमीनेच जायचं आहे. कच्चा मार्ग तयार आहे. त्यात बारा उड्डाणं आणि आठ एअरलाइन्स येतात. दोन टप्प्यांवर आठवड्याला तीनच विमानं आहेत. विचारणा अशी की, यातल्या कोणत्या एअरलाइन्स टाळाव्यात, सगळं एका तिकिटावर घ्यावं की स्वस्त मिळतील तशी सुटी तिकिटं जोडावीत, आणि दर खेपेला नवी कंपनी म्हणजे निम्मा प्रवास तिचे नियम समजून घेण्यातच जातो का?

मी अशा अनेक टप्प्यांच्या तिकिटांचंच काम करते, आणि जमेल तेव्हा स्वतःही तशीच फिरते. ‘कोणती एअरलाइन चांगली’ हा प्रश्न प्रत्येक जण सगळ्यात आधी विचारतो. माझ्या यादीत तो बराच खाली येतो. इकॉनॉमीत बसल्यावर दोन बऱ्या कंपन्यांमधला फरक जेवणाचा ट्रे, समोरच्या पडद्यावरचे सिनेमे आणि उशीची जाडी एवढाच उरतो. प्रवासाचं वाटोळं होतं ते एका कंपनीची जबाबदारी संपून दुसरीची सुरू व्हायच्या मधल्या जागेत. बॅग कुणाच्या नियमाने मोजायची, पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जागा कोण देणार, महिन्याभरापूर्वी निवडलेल्या सीटा कुठे गायब झाल्या, असली भांडणं सगळी तिथलीच. म्हणून आठ एअरलाइन्स तपासण्याआधी त्यांच्यामधले सांधे तपासा.

पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, तेही सांगून टाकते. तुमचा पासपोर्ट कोणता, प्रवास कुठून सुरू होतो (एकाच मार्गाच्या जगप्रदक्षिणेचा दर सुरुवातीच्या देशानुसार बराच बदलतो), तारखा पक्क्या आहेत की मनात येईल तसं थांबायचं आहे, आणि दोघांत मिळून सामान किती. यातलं एक बदललं तरी माझा सल्ला बदलू शकतो.

आता एक तिकीट की सुटी तिकिटं. पॅन अ‍ॅम या जुन्या अमेरिकी कंपनीची १ आणि २ क्रमांकाची विमानं एकेकाळी खरोखरच पृथ्वीभोवती फिरायची. ती सेवा १९४७ मध्ये सुरू झाली आणि १९८२ मध्ये संपली. आता जगप्रदक्षिणा म्हटली की कंपन्या जोडणं आलंच, आणि ते जोडकाम तीन गट करतात: १९९७ मध्ये स्थापन झालेला स्टार अलायन्स, १९९९ मधला वनवर्ल्ड आणि २००० मधला स्कायटीम. जगप्रदक्षिणेच्या तिकिटासाठी लोक मुख्यतः पहिल्या दोघांकडे जातात. स्टारचं तिकीट एकूण मैलांवर चालतं. वनवर्ल्डचं एक्स्प्लोरर तिकीट तुम्ही किती खंडांना पाय लावता त्यावर चालतं, तीनपासून सहापर्यंत, आणि त्यात जास्तीत जास्त सोळा टप्पे बसतात. बाकीचे नियम दोन्हीकडे जवळपास सारखे आहेत. दिशा एकच, पूर्वेकडे नाहीतर पश्चिमेकडे; अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचे; जिथून निघालात त्याच देशात परतायचं; आणि सगळं वर्षाच्या आत. मध्ये कुठे रेल्वेने किंवा गाडीने गेलात तर तेही हिशेबात धरलं जातं, स्टारमध्ये मैल म्हणून, वनवर्ल्डमध्ये एक टप्पा म्हणून. हे बऱ्याच जणांना मैल संपत आल्यावर कळतं.

अशा तिकिटाचा खरा फायदा दर स्वस्त असण्यात आहे असं लोक समजतात. कधी तो स्वस्त असतो, कधी नसतो. पैसे वसूल होतात ते काही बिघडल्यावर. एका तिकिटावरचं पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि पुढचं चुकलं, तर तुम्हाला मुक्कामी पोहोचवणं ही कंपन्यांची जबाबदारी असते. मधली कंपनी वेगळी असली तरी. सुट्या तिकिटांवर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी असता. तुमचं पहिलं विमान वादळात अडकलं होतं की तुम्ही झोपून राहिलात, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

पण या तिकिटालाही भोकं आहेत. वनवर्ल्डच्या इकॉनॉमी प्रदक्षिणेचं बुकिंग ‘एल’ या वर्गात होतं. विमानात डझनांनी जागा मोकळ्या दिसत असल्या तरी ‘एल’मध्ये शून्य असेल तर तुमच्यापुरतं ते विमान भरलेलं. नकाशालाही मर्यादा आहेत. दक्षिण अमेरिकेतली लाताम २०२० मध्ये वनवर्ल्डमधून बाहेर पडली, तेव्हापासून त्या तिकिटावर दक्षिण पॅसिफिक ओलांडायची भिस्त क्वांटासच्या सिडनी–सँतियागो विमानावर आहे. स्टारमध्ये एअर न्यूझीलंडने ऑकलंड–ब्वेनोस आयरेस सेवा बंद केली, तीही त्याच वर्षी. त्यामुळे त्या गटातून न्यूझीलंडहून दक्षिण अमेरिका गाठायची तर वर उत्तर अमेरिकेला वळसा घालावा लागतो, आणि त्या वळशात मैल भराभर उडतात. गटही कायम तसेच राहत नाहीत. स्कँडिनेव्हियाची एसएएस ही स्टारची संस्थापक सदस्य, पण सप्टेंबर २०२४ पासून ती स्कायटीममध्ये आहे. जुन्या प्रवासवर्णनांवरून मार्ग आखत असाल तर एवढं तपासून घ्या.

मी स्वतः मिश्र पद्धत वापरते. महासागर ओलांडणारी आणि खंड बदलणारी लांब उड्डाणं एका तिकिटावर. एका खंडातली दोन-तीन तासांची उड्डाणं सुटी, तीही मोठ्या टप्प्याला कधीही चिकटवायची नाहीत. सुट्या उड्डाणानंतर त्याच शहरात किमान एक रात्र. ही रात्र वाया गेली असं वाटतं खरं, पण चुकलेल्या आंतरखंडीय विमानाचं आयत्या वेळचं तिकीट हॉटेलच्या कितीतरी पट महाग पडतं. तुमच्या बारा उड्डाणांत छोटी किती ते लिहिलेलं नाही. चार-पाच असतील तर ती बाहेर काढा, बाकीच्याचं प्रदक्षिणा तिकीट करा.

तिकीट हातात आलं की बहुतेक लोक कन्फर्मेशनचा ईमेल जपून ठेवतात आणि निर्धास्त होतात. खरं काम तिथून पुढे आहे. ई-तिकिटाचा क्रमांक तेरा आकड्यांचा असतो, आणि पहिले तीन आकडे तिकीट कोणी काढलं ते सांगतात: ६१८ म्हणजे सिंगापूर एअरलाइन्स, १२५ ब्रिटिश एअरवेज, २२० लुफ्तान्सा. बारा टप्पे वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांनी असले तरी तिकीट या एकाच कंपनीचं असतं. तारीख बदलायची, मार्ग बदलायचा, पैसे परत मागायचे, तर हिच्याकडे जायचं. मात्र उड्डाणाच्या दिवशी विमान रद्द झालं तर ज्या कंपनीचं विमान आहे तिच्याच काउंटरवर उभं राहायचं. हे माहीत नसलं की एक कंपनी दुसरीकडे पाठवते, दुसरी पहिलीकडे, आणि प्रवासी मधल्या मध्ये फोन कानाला लावून बसतो.

पीएनआर, म्हणजे बुकिंगचा कोड, तोही एक नसतो. तुमच्या ईमेलमधला सहा अक्षरांचा कोड तिकीट काढणाऱ्याचा. बाकीच्या प्रत्येक कंपनीच्या यंत्रणेत त्याच बुकिंगला तिचा स्वतःचा कोड असतो, आणि तिच्या वेबसाइटवर तोच चालतो. हे सगळे कोड तिकीट देणाऱ्याकडून मागून घ्या. मी एक साधा तक्ता करते. एका ओळीत एक उड्डाण: तारीख, विक्री करणारी कंपनी, प्रत्यक्ष उडवणारी कंपनी, तिचा कोड, विमानाचा प्रकार, टर्मिनल, सीट, जेवण, सामानाची मर्यादा. मग प्रत्येक कंपनीच्या साइटवर जाऊन आपलं बुकिंग उघडून बघायचं. सीट तिथेच निवडायची, जेवण तिथेच सांगायचं, फोन नंबर तिथेच भरायचा. पहिल्या कंपनीला शाकाहारी जेवण सांगितलं म्हणून ते बाकीच्या सातजणींना आपोआप कळेल या भरवशावर राहू नका. विशेष जेवण किमान चोवीस तास आधी सांगावं लागतं, काहींना त्याहूनही आधी. वेळापत्रक बदलून तुम्हाला दुसऱ्या विमानावर टाकलं की ही मागणी बऱ्याचदा गळून पडते. सीटचंही तेच.

वेळापत्रकं बदलतातच. विमान कंपन्यांचा उन्हाळी मोसम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तिकीट आठ-दहा महिने आधी काढलं असेल तर मध्ये यातली एखादी तारीख येणारच, आणि तिच्या आसपास बदल येतात. सव्वादोन तासांचं कनेक्शन पंचावन्न मिनिटांवर येतं आणि यंत्रणा तक्रार करत नाही, कारण त्या विमानतळाची किमान कनेक्शन वेळ तेवढीच असते. ती वेळ धडधाकट, रस्ता ठाऊक असलेल्या, बिनरांगेच्या प्रवाशाची आहे असं धरून चाला. मी पन्नाशीपुढच्यांना आंतरराष्ट्रीय कनेक्शनला अडीच-तीन तास देते, टर्मिनल बदलायचं असेल तर आणखी. सिंगापूरच्या चांगीत टर्मिनलची अदलाबदल सोपी जाते, दोह्यात तर एकच टर्मिनल आहे. लंडनच्या हीथ्रोवर बस किंवा ट्रेन धरून पुन्हा सुरक्षा तपासणीतून जावं लागतं. आणि ‘टोकियो ते टोकियो’ असं दिसलं तर विमानतळाचे कोड वाचा. हानेदा आणि नरिता यांच्यात रस्त्याने साठ किलोमीटरहून जास्त अंतर आहे.

एक नियम मात्र पाठच करा. कूपन, म्हणजे तिकिटातला एकेका उड्डाणाचा हिस्सा, क्रमानेच वापरायची. मधलं एखादं उड्डाण परस्पर सोडून बसने गेलात तर कंपनी तुम्हाला गैरहजर धरते आणि पुढची सगळी उड्डाणं रद्द होऊ शकतात. टप्पा गाळायचाच असेल तर आधी तिकीट देणाऱ्याकडून बदलून घ्या.

इथवरचं दोन वाक्यांत: लांब टप्पे एका तिकिटावर, छोटे सुटे आणि मध्ये रात्र सोडून. प्रत्येक कंपनीकडे तिच्याच कोडने जाऊन आपलं बुकिंग स्वतःच्या डोळ्यांनी बघा, निघण्याआधी आणि प्रवासातही दर दोन-तीन आठवड्यांनी.

आता बॅगा. आठ कंपन्यांचा फरक सगळ्यात जास्त इथे जाणवतो. चेक-इन सामान काही कंपन्या एकूण वजनावर धरतात, काही नगांवर, बहुधा एका नगाला २३ किलो. एका तिकिटावर कंपन्या मिसळल्या की कुणाचा नियम लागणार हे ठरवायचे वेगळे नियम आहेत, आणि अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या तिकिटांवर तर पहिल्या कंपनीचीच मर्यादा पुढेही चालवायची असा तिथला कायदा आहे. एवढं खोलात जायची तुम्हाला गरज नाही. तिकिटावर प्रत्येक टप्प्यासमोर मर्यादा छापलेली असते, ती वाचा आणि छापील प्रत काढून ठेवा. काउंटरवरची व्यक्ती स्वतःच्या कंपनीचा नियम सांगायला लागली की तो कागद पुढे करायचा.

हातातल्या बॅगेचं गणित त्याहून वेगळं. ती ज्या विमानात चढायची त्याच कंपनीच्या नियमाने मोजली जाते. इकॉनॉमीत सिंगापूर एअरलाइन्स आणि एमिरेट्स ७ किलो देतात, लुफ्तान्सा ८, एअर फ्रान्स छोटी पिशवी धरून १२, आणि ब्रिटिश एअरवेज चक्क २३. अमेरिकी कंपन्या बहुधा वजन करतच नाहीत, आकार बघतात. म्हणजे एकाच प्रदक्षिणेत तीच बॅग एकीकडे हसतमुखाने आत जाते आणि दुसरीकडे गेटजवळच्या काट्यावर अडते. तुमच्या आठांत सगळ्यात कडक कोण ते शोधा आणि चार महिने तिच्याच मापात राहा. माझी बॅग रिकामी दोन किलोच्या आत आहे, कारण चाकांच्या टणक बॅगा रिकाम्याच तीन किलो भरतात आणि सातातले तीन तिथेच गेले. जाड जाकीट बॅगेत न ठेवता अंगावर चढवते, आणि चार्जर, औषधं, कॅमेरा त्याच्या खिशांत जातात. गेटवर हे ध्यान विनोदी दिसतं. दिसू दे.

पॉवर बँकचं नीट ऐका, कारण इथे नियम भराभर बदलतायत. ती चेक-इन सामानात चालत नाही, कुठेच नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची विनापरवानगी हातातल्या सामानात चालते. वीस हजार एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-अवर होते, म्हणजे बसते. पण विमानात ती वापरायला बऱ्याच कंपन्यांनी बंदी घातली आहे: सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून, एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून. जानेवारी २०२५ मध्ये एअर बुसानच्या विमानाला आग लागल्यावर दक्षिण कोरियाने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायलाच मनाई केली. तेव्हा ती सीटजवळ ठेवा, क्षमता छापलेली दिसेल अशी घ्या, आणि फोन चढण्याआधीच चार्ज करा.

बॅग काउंटरवर सोडताना एक सवय लावून घ्या. कर्मचारी टॅग हँडलला गुंडाळायच्या आत त्यावरची तीन अक्षरं वाचायची. सगळ्यात मोठ्या टाइपातला कोड म्हणजे बॅग जिथे उतरणार तो विमानतळ. मी एकदा तिथे मधल्याच विमानतळाचा कोड वाचला, विचारलं, तर कर्मचाऱ्याने शांतपणे टॅग फाडला आणि दुसरा छापला. अर्ध्या मिनिटाचं काम. तेच न बघता पुढे गेलं असतं तर बॅग एका देशात आणि मी दुसऱ्या. अमेरिकेतून नुसतं पुढे जायचं असलं तरी अगदी मोजके अपवाद सोडता पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करून, पट्ट्यावरून बॅग उचलून, कस्टम्स पार करून ती पुन्हा द्यावी लागते, टॅगवर पुढचं शहर छापलेलं असलं तरी. तिथलं कनेक्शन तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका.

बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल कराराप्रमाणे नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत करायची, उशिरा मिळाली तर एकवीस दिवसांत. एकवीस दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. अनेक कंपन्यांच्या प्रवासात पहिली कंपनी, शेवटची कंपनी किंवा जिच्या ताब्यात घोळ झाला ती, यातल्या कुणाकडेही दावा करता येतो. व्यवहारात शेवटचीकडे जा. पट्ट्यासमोर तिचेच लोक उभे असतात. आणि दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे भरा.

विमानातला अनुभव. इथे माझं मत जरा हट्टी आहे: इकॉनॉमीत कंपनीपेक्षा विमानाचा प्रकार जास्त बघावा. जुन्या विमानांत केबिनमधली हवा साधारण ८,००० फूट उंचीवर असावी इतकी विरळ होऊ शकते. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये हा आकडा ६,००० फुटांच्या आसपास राहतो, आर्द्रताही थोडी जास्त असते. बारा तासांनंतर डोकं जड होणं, घसा सुकणं यात फरक पडतो, आणि वयाबरोबर तो जास्त कळतो. दुसरी गोष्ट रांगेची. बोइंग ७७७ मध्ये पूर्वी बहुतेक जण एका रांगेत नऊ सीटा ठेवायचे, आता बऱ्याच कंपन्यांनी दहा केल्यात, आणि खांद्याला ते लगेच कळतं. दोघांसाठी माझं आवडतं विमान ए३३०. बाजूला दोन-दोनच सीटा, खिडकीही आपली, आयल म्हणजे चालायच्या वाटेकडची सीटही आपली, बाथरूमला जाताना तिसऱ्याला उठवायला नको. काही कंपन्यांच्या ए३८० मध्ये वरच्या मजल्यावर इकॉनॉमीला अशीच २-४-२ मांडणी मिळते. तुमच्या मार्गावर एकाच दिवशी दोन पर्याय असतील तर कंपनीच्या नावाआधी ही मांडणी बघा.

तिकिटावर एकीचं नाव आणि विमान दुसरीचं, हे कोडशेअर तुमच्या यादीतही असणार. फ्लाइट नंबरखाली बारीक अक्षरात ‘ऑपरेटेड बाय’ लिहिलेलं असतं. चेक-इन, सामान, जेवण, सगळं त्या बारीक अक्षरांतल्या कंपनीचं. आठ मोजल्यात त्या खरंच आठच आहेत का, ते तिथे कळेल.

सेवेतले फरक गमतीचे असतात, मनावर घेऊ नयेत. पूर्व आशियातल्या कित्येक कंपन्या दोन तासांच्या उड्डाणातही गरम जेवण देतात. अमेरिकेतल्या अंतर्गत उड्डाणात पाच तासांत एक बिस्किटाचं पाकीट आणि पेय मिळतं. जपानमध्ये विमान मागे सरकायला लागलं की खाली उभे असलेले कर्मचारी रांगेत वाकून नमस्कार करतात आणि हात हलवतात. खिडकीशी असाल तर बघा. दुबई-दोह्यात मध्यरात्री दोन वाजता भर दिवसासारखी गर्दी असते, कारण तिथली कनेक्शनंच त्या वेळेला बांधलेली आहेत. कुठे केबिन इतकी गार ठेवतात की शाल लागते, कुठे घाम फुटतो. तिसऱ्या-चौथ्या उड्डाणानंतर अपेक्षा आपोआप सैल होतात. खाऊ, पाण्याची रिकामी बाटली, शाल आणि कानातले बोळे स्वतःचे असले की एअरलाइन कोणती याने फारसं बिघडत नाही.

दिशेचं म्हणाल तर शरीराला पश्चिमेकडे जाणं सोपं. आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्याला दिवस ताणलेला चालतो, आखडलेला नाही. पूर्वेकडे जाताना मात्र जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पाठीशी असतो, उड्डाणं तासा-दीड तासाने लहान होतात. मी निवृत्तांना पश्चिमेकडची दिशा सुचवते. त्यात पॅसिफिक ओलांडताना एक तारीख गायब होते: लॉस एंजेलिसहून सोमवारी रात्री निघालात तर ऑकलंडला बुधवारी सकाळी उतरता. उलट दिशेने बुधवारी संध्याकाळी निघून बुधवारीच दुपारी पोहोचता. हॉटेलचं बुकिंग आणि पुढचं सुटं तिकीट इथे हमखास एका दिवसाने चुकतं. पहाटे उतरणार असाल तर आदल्या रात्रीपासून खोली घ्या, नाहीतर दुपारी तीनपर्यंत लॉबीत डुलक्या काढाव्या लागतील. महासागर ओलांडल्यावर चार-पाच दिवस दुसरं विमान नको.

कागदपत्रांची तपासणी प्रत्येक कंपनी नव्याने करते. आधीच्या चौघींनी काही विचारलं नाही म्हणून पाचवी विचारणार नाही असं नाही. काउंटरवर टिमॅटिक नावाच्या माहितीकोशात तुमचा पासपोर्ट आणि मुक्काम टाकून बघतात, कारण व्हिसा नसलेला प्रवासी नेला तर दंड आणि परत आणायचं ओझं कंपनीवर येतं. ‘या देशातून बाहेर पडायचं तिकीट दाखवा’ हे तर दर दोन देशांमागे ऐकाल. सगळ्या टप्प्यांचं, तिकीट क्रमांकांसकट एक छापील पान जवळ ठेवा. सुट्या तिकिटांत आणखी एक मेख आहे. बॅग पुढे जात नसेल तर ती उचलायला देशात शिरावं लागतं, म्हणजे जिथे नुसतं थांबायचं होतं तिथलाही व्हिसा लागू शकतो. हे पूर्णपणे तुमच्या पासपोर्टवर आहे, आधी तपासा.

उशीर-रद्दचं एकच सांगते, कारण ते कंपनी निवडताना उपयोगी पडतं. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम संघातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला लागतो, पण संघात येणाऱ्या विमानांपैकी फक्त युरोपीय कंपन्यांच्या. सिंगापूरहून फ्रँकफर्टला लुफ्तान्साने गेलात आणि कंपनीच्या चुकीने तीन तासांहून जास्त उशीर झाला तर तो लागू. सिंगापूर एअरलाइन्सने गेलात तर नाही. रक्कम अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो. हवामानामुळे झालेल्या उशिराला पैसे नाहीत, पण जेवण आणि हॉटेलचा हक्क तरीही असतो.

प्रवासाबद्दल बक्षीस म्हणून मिळणारे मैल एकाच कंपनीच्या खात्यात जमा करा, गटातली कोणतीही एक निवडा. खात्यावर दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. याहून जास्त डोकं त्यात घालू नका, प्रदक्षिणेच्या इकॉनॉमी वर्गाला मैल बेताचेच मिळतात.

राहिलं तुमचं ‘कोणत्या टाळाव्यात’. नावं घेऊन सांगत नाही, कारण तीच कंपनी एका मार्गावर उत्तम आणि दुसऱ्यावर अडचणीची असते. मी प्रत्येक टप्प्याला विचारते ते हे: त्या मार्गावर त्या कंपनीची रोज विमानं किती? दिवसाला तीन असतील तर एक रद्द झालं तरी संध्याकाळी निघता. आठवड्याला तीन असतील तर दोन-तीन दिवस तिथेच मुक्काम, आणि मागून येणाऱ्या विमानातही जागा असेलच असं नाही. गटातल्या दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच मार्गावर असेल तर धोका बराच कमी होतो. नसेल तर त्या टप्प्यानंतर दोन दिवस काहीही पक्कं करू नका, ना सुटं विमान, ना पैसे परत न मिळणारी सहल. तुमच्या मार्गात असे दोन टप्पे आहेत. त्यांचे वार आधी लिहून काढा, त्या दिवसांच्या जागा पहिल्यांदा पक्क्या करा, आणि बाकीच्या दहा उड्डाणांच्या तारखा त्यांच्याभोवती बसवा.